पडीक वावर आणि बंद शाळा



वावर दोन वर्षे पडीक राहिले तर काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. हराळी माजते. कुंदा माजतो. जमीन टणक होते. तिसऱ्या वर्षी पाऊस पडला म्हणून कोणी लगेच पेरायला धावत नाही. आधी नांगरतो, वखरतो, काडीकचरा वेचतो. मग बी टाकतो.

शाळेचेही तसेच आहे. करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या. पुढे दारे उघडली, घंटा वाजली, लेकरे आली. पण तेवढ्याने शाळा पहिल्यासारखी होते का? ते आपण नीट समजून घेऊ.

शाळा किती दिवस बंद होत्या?

करोनाचा रोग श्वासावाटे पसरतो. बंद खोलीत माणसे दाटीने बसली, की त्याचे फावते. शाळेच्या खोलीत तर तीस-चाळीस लेकरे बसतात. म्हणून मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. 25 मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी लागली. लोक तिला लॉकडाऊन म्हणत. बाजार थांबले, एसटी थांबली. हे आपल्याकडेच झाले असे नाही. जगभरात दीडशे कोटींच्या वर मुले घरी बसली.

नोव्हेंबर 2020 मध्ये राज्यात नववी ते बारावीचे वर्ग उघडू लागले. जानेवारी 2021 च्या अखेरीस पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. लोकांना वाटले, संकट टळले. पण फेब्रुवारीत साथ उलटली, आणि आपल्या वऱ्हाडात तिचा जोर फार झाला. महिन्याच्या अखेरीस अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. अकोला, अकोट, मूर्तिजापूर येथेही लागली. शाळांना पुन्हा कुलूप बसले.

खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या लेकरांसाठी शाळेचे दार 1 डिसेंबर 2021 ला उघडले. तुम्हीच बोटांवर मोजा. वीस महिने होतात. जानेवारी 2022 मध्ये त्या पुन्हा काही दिवस बंद राहिल्या. पुढे उन्हाळ्याची सुटी संपली. आपल्याकडे ऊन कडक, म्हणून विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस भरते. जून 2022 च्या अखेरीस ती भरली, तेव्हा कुठे नेहमीसारखे वर्ष सुरू झाले.

घरी शिकणे का जमले नाही?

सरकारने आणि गुरुजींनी काहीच केले नाही, असे नाही. जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ नावाचा कार्यक्रम लागे. त्यात पहिली ते आठवीचे धडे असत. गुरुजी फोनवर अभ्यास पाठवत. शाळेतल्या जेवणाऐवजी तांदूळ आणि डाळ घरी देत.

पण आपल्या घरची गोष्ट वेगळी. घरात फोन एक, आणि तो बापाच्या खिशात. बाप वावरात. रात्री फोन हाती आला, तर रिचार्ज संपलेला. मेळघाटात धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कित्येक गावांत तर रेंजच नव्हती. तेथल्या कोरकू लेकरांचे नुकसान दुप्पट झाले. ती घरी कोरकू बोलतात. मराठी त्यांच्या कानावर पडते ती मुख्यतः शाळेत. शाळा बंद झाली, तशी मराठीही तुटली.

काय बुडाले?

एक उदाहरण घ्या. एक लेकरू जून 2020 मध्ये पहिलीत बसायचे होते. त्याचे नाव पटावर चढले. पण त्याने वर्गच पाहिला नाही. पुढच्या वर्षी ते दुसरीत गेले. जून 2022 मध्ये तिसरीत गेले. हातात पुस्तक आले तिसरीचे. त्याला ‘क’ आणि ‘फ’ यांतला फरक मात्र ठाऊक नव्हता. चूक लेकराची होती का? नाही. पाया घातलाच नव्हता, आणि भिंत मात्र चढत गेली.

‘प्रथम’ ही संस्था देशभर खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावते. तिच्या पाहणीला ‘असर’ म्हणतात. या पाहणीत तिसरीच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला दिला. 2018 साली देशात शंभरातली सुमारे 27 मुले तो वाचू शकली. 2022 साली हा आकडा सुमारे 20 वर आला. 2024 साली तो पुन्हा 27 वर गेला.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, बुडालेले शिक्षण भरून निघू शकते. दोन, 27 म्हणजे काही फार नव्हे. शंभरातली 73 मुले साथीच्या आधीही मागेच होती. म्हणून ‘पहिल्यासारखे झाले’ एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही.

नांगरणी कशी झाली?

जुलै 2021 मध्ये राज्यात 45 दिवसांचा सेतू अभ्यास सुरू झाला. सेतू म्हणजे पूल. मागचे राहिलेले आधी शिकवायचे आणि मग पुढे जायचे, असा त्याचा अर्थ. 2022 साली ‘पहिले पाऊल’ नावाची मोहीम निघाली. त्यात गावोगाव आयांचे गट झाले. पहिलीत जाणाऱ्या लेकरांची तयारी या आयांनीच घरी करून घेतली.

आणखी एक रीत उपयोगी पडते. मुलांना वयाप्रमाणे नव्हे, तर येते त्याप्रमाणे बसवायचे. अक्षर ओळखणारी एका बाजूला, शब्द वाचणारी दुसऱ्या बाजूला, गोष्ट वाचणारी तिसऱ्या बाजूला. रोज तास-दोन तास असे शिकवले, की मागे पडलेले मूल पुढे सरकते. कोण पास, कोण नापास, हा यात प्रश्न नाही. वखर कोठे चालवायचा, हे कळते.

तुम्ही काय करावे?

पहिली गोष्ट. लेकरू कितवीत आहे, हे विचारू नका. त्याला काय येते, ते पाहा. चार अक्षरे दाखवा. चार सोपे शब्द दाखवा. मग चार ओळी वाचायला द्या. जेथे अडेल, तेथून सुरुवात करा, आणि तसे गुरुजींना जाऊन सांगा. साथीत बसलेली मुले आता वरच्या वर्गांत गेली आहेत. त्यांचेही असेच पाहा. राहिलेली खोट वयाबरोबर आपोआप जात नाही.

दुसरी गोष्ट. लेकराला रोज शाळेत पाठवा. सोयाबीन सोंगायला आले, कापूस वेचायला आला, म्हणून त्याला घरी ठेवू नका. आठवड्यात दोन दिवस बुडाले, तर महिन्यात आठ बुडतात.

तिसरी गोष्ट. ज्यांची शाळा तेव्हा सुटली ती सुटलीच, असे मानू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेने घेतलेच पाहिजे. त्याच्या वयाला शोभेल अशा वर्गात बसवले पाहिजे, आणि मागचे वेगळे शिकवले पाहिजे. दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. मूल मोठे झाले असेल, तर 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते. पोरीची शाळा सुटली म्हणून तिच्या लग्नाची घाई करू नका. 18 वर्षांच्या आत लग्न करणे हा गुन्हा आहे.

चौथी गोष्ट. गावात शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांत तीन माणसे पालक असतात, आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. त्या बैठकीला जा. आमच्या गावची किती लेकरे वाचू शकतात, हे तेथे विचारा.

संत गाडगे बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पण हातावर भाकर घेऊन खा आणि लेकराला शिकवा, असे ते कीर्तनातून सांगत.

लेकरू मोठे झाले आणि वाचता येत नाही, याची त्याला लाज वाटते. ती लाज काय असते, हे तुमच्याइतके कोणाला कळणार? तुम्ही तर मोठेपणी पाटी हाती घेतलीत. आधी अक्षरे नाचत होती. आता ती स्थिर झाली आहेत. उशीर झाला तरी शिकता येते, याचा पुरावा तुम्हीच आहात.

तेव्हा आज रात्री दिव्यापाशी लेकराला जवळ घ्या. हे पुस्तक मध्ये ठेवा. एक ओळ तुम्ही वाचा. एक ओळ त्याला वाचू द्या. अडले तर हसू नका. रोज दहा मिनिटे असे करा.