होल्डर, बटण आणि कपड्यांची तार

जुलै महिना होता. मी तेव्हा कॅज्युअल्टीत सकाळच्या ड्यूटीवर होते. एका वस्तीतून दोघींना रिक्षात घालून आणलं. नणंद-भावजय. भावजय धुतलेले कपडे तारेवर टाकत होती आणि तारेला चिकटली. तिला ओढायला नणंद धावली, ती फेकली गेली. नणंद वाचली. भावजयीसाठी आम्ही पाऊण तास छाती दाबत होतो, पण ती गेली.

आठवड्याने मी त्या घरी गेले. मोरीच्या बाहेर एक साधा बल्ब लटकत होता. त्याची वायर पत्र्याला पाडलेल्या भोकातून बाहेर काढलेली. पत्र्याच्या धारेने वायरचं आवरण हळूहळू कापलं गेलं होतं, त्यात पावसाचं पाणी. त्याच पत्र्याला खिळा ठोकून कपड्यांची लोखंडी तार बांधलेली. बल्ब मात्र नीट पेटत होता, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. बोटभर पीव्हीसी पाईपचा तुकडा त्या भोकात बसवला असता तर वायर पत्र्याला घासली नसती.

आपण बल्ब घेताना किती वॉटचा, किती रुपयांचा हे विचारतो. पण मीटर आणि बल्ब यांच्यामध्ये जे किरकोळ सामान असतं, म्हणजे होल्डर, बटण, वायर, जोड, टेप, पाईप, ते दुकानदार देईल ते घेतो. माझ्या अनुभवात माणसं बल्बने दगावत नाहीत, या किरकोळ सामानामुळे दगावतात.

एक हिशेब समजून घ्या. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. ९ वॉटचा एलईडी बल्ब पेटायला ४० मिलिअँपिअर किंवा थोडा जास्त प्रवाह लागतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात, मूठ सुटत नाही. म्हणूनच माणूस ‘चिकटतो’. एका बल्बला लागतो तेवढाच प्रवाह काही सेकंद छातीतून गेला तर श्वास अडकतो, हृदयाची लय बिघडू शकते. कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते, ओली कातडी अडवत नाही. पावसाळ्यात मोरीपाशी, अनवाणी, ओल्या हाताने काम करणारी बाई म्हणूनच जास्त धोक्यात असते.

आता बटणाकडे या. बटणाचं काम फेज तोडण्याचं आहे, कारण झटका फेजचा बसतो. पण घाईत काम करणारा माणूस बटण न्यूट्रलवर जोडून जातो. अशा जोडणीत बटण बंद केल्यावर बल्ब विझतो, पण होल्डरमधल्या पितळी पिनांपर्यंत फेज तसाच उभा असतो. बटण बंद आहे म्हणून निर्धास्तपणे बल्ब बदलायला गेलेल्याचं बोट आत गेलं की झटका. घरबसल्या एक खूण बघता येते. बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब रात्री मंद मंद मिणमिणत राहत असेल, तर बटण न्यूट्रलवर असण्याची शक्यता आहे. बटणातच लहान दिवा असेल तरीही असं होतं, म्हणून वायरमनला दाखवून खात्री करून घ्या. आणि जोडणी बरोबर असली तरी बल्ब बदलताना मेन स्विच बंद करा, पायात कोरडी चप्पल घाला, लोखंडी स्टुलावर चढू नका.

होल्डर काळा पडला असेल, तडकला असेल, बल्ब त्यात ढिला बसत असेल तर तो बदलायचाच. ढिल्या जोडाला उष्णता तयार होते, तिथून वायर वितळते, आणि पत्रा-लाकूड-प्लास्टिकच्या घरात पुढचं सांगायला नको. होल्डरला एक्स्टेन्शनची पिन लावून त्यावर पंखा, मिक्सर चालवणं हा तर आपल्याकडचा घरोघरीचा प्रकार. दिव्याचा होल्डर मिक्सरसाठी बनवलेला नाही.

वायर घेताना तांब्याची घ्या. दिव्याच्या लाइनला १.५ चौरस मिलिमीटरची पुरते. वायर, बटण, होल्डर या तिन्हींवर आयएसआयची खूण बघा आणि खुणेखाली सीएम/एल असं लिहिलेला नंबर आहे का तेही बघा. बीआयएस केअर नावाच्या मोबाइल ॲपमध्ये तो नंबर घातला की खरा आहे की खोटा ते कळतं. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला हे काम सांगा, दोन मिनिटांचं आहे. रंगाचीही शिस्त असते: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. उरलेला तुकडा म्हणून हिरवी वायर फेजला वापरलेली मी पाहिली आहे. पुढचा माणूस ती अर्थिंगची समजून हातात धरतो.

दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळला म्हणजे जोड झाला असं नव्हे. उन्हाने टेप सुटतो, चिकटपणा जातो. जोड शक्यतो ठेवूच नका, ठेवावाच लागला तर स्क्रूचा कनेक्टर लावून झाकणाच्या डबीत बंद करा. वायर पत्र्यातून, विटांतून जिथे जिथे आरपार जाते तिथे प्लास्टिकचा पाईप हवाच. आणि कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधा. दोरीही विजेच्या वायरपासून लांब.

आता ‘आमच्याकडे एमसीबी आहे, मग काय भीती’ असं म्हणणाऱ्यांसाठी. दिव्याच्या लाइनला साधारण ६ अँपिअरचा एमसीबी असतो. ६ अँपिअर म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. माणूस ४०-५० मध्ये संपतो. म्हणजे तुम्ही वायरला चिकटलेले असताना एमसीबीच्या दृष्टीने घरात एखादा बल्ब जास्त पेटला, एवढंच झालेलं असतं. एमसीबी आणि फ्यूज वायर जळू नये म्हणून असतात. फ्यूज उडाला की त्यात तांब्याची जाड तार बांधणाऱ्यांनी तर तेही संरक्षण घालवलेलं असतं.

माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं आहे, त्याला आरसीसीबी म्हणतात. फेजमधून जेवढी वीज गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली का, हे तो सतत मोजतो. अंगातून किंवा पत्र्यातून थोडी जरी जमिनीत गेली तरी तो क्षणार्धात लाइन तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच मागा, १०० किंवा ३०० चा माणसासाठी नाही. किंमत दीड-दोन हजारांच्या घरात जाते. मला ठाऊक आहे, ही रक्कम आपल्या घरांना लहान नाही. भिशीचा नंबर लागेल तेव्हा आधी हा बसवा असं मी बायकांना सांगते.

यात एक अडचण वस्त्यांत हमखास येते. एका घराची न्यूट्रल शेजारून घेतलेली असते, किंवा चक्क अर्थिंगलाच न्यूट्रल केलेलं असतं. मग आरसीसीबी लावला की सारखा पडतो, घरातले वैतागतात आणि वायरमन तो बाजूला काढून लाइन थेट जोडून देतो. पडणारा आरसीसीबी खराब नसतो, बहुतेक वेळा तो घरातला दोष दाखवत असतो. दोष शोधून घ्या. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर तो निकामी आहे. आणि एक मर्यादा लक्षात असू द्या: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर तोही वाचवू शकत नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना वीजजोडणी मिळावी म्हणून महावितरणने १४ एप्रिल २०२१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना सुरू केली होती. तिच्या अर्जासोबतही मान्यताप्राप्त विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागायचा. नवीन जोडणी घेताना हा अहवाल नुसता सहीचा कागद होऊ देऊ नका. ठेकेदाराला घरी बोलवा, अर्थिंग मोजायला लावा. खांबावरची वायर लोंबत असेल, खांबाला झटका बसत असेल तर १९१२ वर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला गल्लीत माळा लागतात, तेव्हा पोरं पिन न लावता उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी खोचतात. दादांनो, दहा-वीस रुपयांची पिन आणा. माळ लोखंडी खांबाला गुंडाळू नका, लहान मुलांच्या हाताच्या वर ठेवा.

इतकं करूनही झटका बसला तर? आधी मेन स्विच बंद. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर सारा, माणसाला हात लावू नका. ती नणंद याच चुकीने मरता मरता वाचली. माणूस निपचित असेल, श्वास नसेल तर १०८ ला फोन आणि लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. तळवे चोळणं, माती लावणं, कांदा हुंगवणं यात जी मिनिटं जातात त्यात मेंदू मरतो.

जो उठून बसला, ‘काही नाही झालं सिस्टर’ म्हणाला, त्यालाही दवाखान्यात न्या, ईसीजी काढा. विजेचा चटका वरून वाटाण्याएवढा दिसतो, पण आत स्नायू भाजलेले असतात. त्यावर हळद, टूथपेस्ट नको. लाइन बंद झाल्यावर २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. पुढचे एक-दोन दिवस लघवीवर लक्ष ठेवा. ती कोऱ्या चहासारखी लाल-काळी झाली तर किडनीवर भार आला आहे, मग रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.