खरा परकर, मेणाचे अंग

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी आल्या, की शांती नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत पाऊल ठेवायला जागा उरत नाही. पितळी मुखवटे, पत्र्याच्या कोठ्या, त्यांत गहू-तांदूळ आणि वर माझ्या आईची जुनी अंजिरी साडी. यंदा निऱ्या घालणे चालू असता धाकटीने विचारले, “बाबा, हिला मूर्ती म्हणायचे की बाहुली?”

मराठीच्या मास्तराला शब्द विचारावा आणि त्याने गप्प बसावे, हा प्रसंग बिकटच! पण असल्याच प्रश्नावरून १८८१ साली पॅरिसमध्ये रण माजले होते.

एद्गार देगा या चित्रकाराने त्या वर्षीच्या प्रदर्शनात चौदा वर्षांची एक नर्तकी मांडली. उंची सव्वातीन फूट. अंग रंगवलेल्या मेणाचे. पण केस माणसाचे, चोळी खरी, परकर खरा, वेणीला खरी फीत, पायांत कापडी सपाता. त्या काळी शिल्प म्हणजे संगमरवर, नाहीतर ब्राँझ. टीकाकार खवळले. कुणाला तीत माकडीण दिसली, कुणी तिला वैद्यकीय संग्रहालयात धाडायला निघाले. राग मेणाचा होता की मुलीचा, अशी मला शंका येते. मारी व्हान गेटेम ही धोबिणीची पोर, ऑपेराच्या नृत्यशाळेत शिकणारी. ना देवी, ना अप्सरा. आणि काचेच्या पेटीत हनुवटी वर करून उभी! दुसऱ्याच वर्षी ऑपेराने तिला काढून टाकले.

देगाने तो पुतळा पुन्हा कधी मांडला नाही. १९१७ साली तो वारल्यावर ब्राँझच्या प्रती निघाल्या नि देशोदेशींच्या संग्रहालयांत गेल्या. गंमत अशी, की त्या ब्राँझलाही कापडी परकरच नेसवावा लागला! मूळ मेणाची मुलगी आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. क्ष-किरणांनी तपासले, तर पोटात तारा, दोर आणि चक्क रंगाचे कुंचले निघाले.

“म्हणजे आपल्या कोठीसारखेच!” धाकटी म्हणाली.

मेणाला तडे जातात, पण कापड त्याहून नाजूक. ब्राँझच्या मुलींचे परकर काही ठिकाणी बदलावे लागले. आमची अंजिरी साडीही यंदा पदरापाशी विरलेली निघाली. मी म्हणालो, “नवी आणू या.” सौ.ने विरलेला भाग घडीत दडवला, टाचणी लावली आणि म्हणाली, “अजून एक वर्ष निघेल.”