दुसरा मजला, लिफ्ट नाही

सकाळी 6:10
इंदूर, भंवरकुआ चौकाच्या थोडं अलीकडे. छोटा हाथी रस्त्याच्या कडेला लागलाय. ड्रायव्हर हौद्यातली ताडपत्री झटकतोय. मूळचा बऱ्हाणपूरचा, चाळिशीचा, घरी मराठी. आधी दुसऱ्याची गाडी चालवायचा, आता स्वतःची आहे. स्वतःची म्हणजे बँकेची. हप्ता महिन्याला 9,800.

सीटखाली त्याची हत्यारं. तीन दोरखंड, दोन पाने, एक पेचकस, टायरच्या ट्यूबचे पट्टे, चार गोणपाटं. एक जुनी सतरंजी फक्त फ्रिजसाठी. "फ्रिजला ओरखडा आला की समजा भाड्यातले पाचशे गेले," तो म्हणतो.

6:35
पोहे. वर शेव आणि जिरावण, बाजूला जिलेबी. दोन हमाल येऊन बसतात, झाबुआकडचे, चुलतभाऊ. मजुरी प्रत्येकी 500, नाश्ता गाडीवाल्याचा. हे ठरलेलं आहे, बोलावं लागत नाही.

आजच्या कामाची घासाघीस काल फोनवर झाली. समोरून 2,000, इकडून 2,800. यानं तीन प्रश्न विचारले. मजला कितवा? लिफ्ट आहे का? पलंग खोलायचा आहे का? दुसरा, नाही, आहे. मग हमालीसकट 2,400 ला ठरलं. घर का सोडताय, हे तो विचारत नाही. "जिन्यात कळतंच," म्हणतो.

7:15
भोलाराम उस्ताद मार्गाच्या आतली गल्ली. खाली घरमालक, वर दोन मजले. दाराशी ताई उभ्या आहेत, ओढणी कमरेला खोचलेली. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. भाडं 9,000. नवरा पिथमपूरच्या कारखान्यात, पहिल्या पाळीला गेलाय. अर्ध्या दिवसाची रजा मागितली होती, मिळाली नाही. मुलगा बारावीत. तो पुस्तकं बांधतोय.

करार जूनमधला, 11 महिन्यांचा. आत्ता नोव्हेंबर चालू आहे.

7:30
खाली कचरागाडी आली. गाणं वाजतंय. या गाडीला कचऱ्याचे सहा कप्पे असतात, सगळं वेगवेगळं द्यावं लागतं. घर हलवायच्या दिवशी मात्र कचरा कुठल्याच कप्प्यात बसत नाही. फुटकी बादली, दांडा नसलेला झारा, कापसाचं गाठोडं झालेली गादी. गादी घ्यायला गाडीवाला तयार नाही. मोठा हमाल म्हणतो, मी नेतो. गादी हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात जाते.

8:00
पलंग खोलणं चाललंय. आठ नट, त्यातले दोन गंजलेले. ड्रायव्हर त्यांवर गोडेतेल सोडतो आणि थांबतो. घाई केली तर नटाच्या कडा झिजतात, मग पाना नुसता फिरतो.

तेवढ्यात ताई सांगून टाकतात. गणपतीत घरमालक जिन्यात भेटले. मुलाचं लग्न ठरतंय, वरचा मजला लागेल. ताईंनी पेढा मागितला. त्यांनी मान हलवली, पेढा काही दिला नाही.

ताई डबे करतात. स्पर्धा परीक्षेची मुलं, बावीस जण. राज्य लोकसेवा आयोगाचं कार्यालय इंदुरातच, त्यामुळे क्लास या भागात आणि मुलंही इथंच. डबा 70 रुपये. दोन्ही वेळ घेणारे चौदा. आज सगळ्यांना सुट्टीचा निरोप गेलाय.

9:05
लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं.

हे दिवसातलं खरं काम. ड्रॉवर आधीच काढलेत. ट्यूबच्या पट्ट्यांनी दारं बांधलीत. खालच्या बाजूला मोठा भाऊ, कारण वजन सगळं खालच्यावर येतं. वरून धाकटा दोर ढिला सोडतोय. ड्रायव्हर मधे भिंतीला पाठ लावून. पायरीच्या कडेवर गोणपाट, म्हणजे पत्रा घासत नाही. कपाट आडवं जात नाही. उभं केलं तर वर छताला लागतं. मग तिरकं. "पाय सोड. आता खांदा दे. थांब, थांब." मोठ्याच्या मानेची शीर दिसते. चुंबळ खांद्यावरून घसरली ती त्यानं हनुवटीनं दाबून धरलीय. एक वीत सरकलं. आणखी एक. भिंतीचा थोडा रंग गेला.

खालून घरमालक ओरडले, "भिया, दीवार देखके!"

वीस मिनिटं लागली. याचे वेगळे पैसे नाहीत.

9:40
चहा. ताईंच्या नवऱ्यानं जिल्हा न्यायालयातल्या ओळखीच्या वकिलाला विचारलं होतं. त्यानं सांगितलं ते खरंच आहे. मध्य प्रदेशात 1961 चा स्थान नियंत्रण कायदा आहे. त्याचं कलम 12 म्हणतं, करारात काहीही लिहिलेलं असो, भाडेकरूला काढायचं तर कोर्टात ठरावीक कारणांपैकी एक दाखवा. भाडं थकलंय, मालकाला किंवा त्याच्या घरच्यांना राहायला खरोखर जागा हवीय, अशी कारणं. आणि गरज दाखवून कोर्टातून ताबा घेतला, तर पुढची दोन वर्षं परवानगीशिवाय ती जागा दुसऱ्याला भाड्यानं देता येत नाही.

कागदावर भाडेकरू वाघ आहे. वकील शेवटी म्हणाला, लढलात तर बहुतेक जिंकाल, पण काही वर्षं धरून चाला. मुलाची बारावी मार्चमध्ये आहे. त्यांनी तिथंच विषय सोडला.

करार 11 महिन्यांचा का, हे ड्रायव्हरलाही माहीत आहे. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा केला तर नोंदणी करावी लागते, खर्च येतो. म्हणून सगळे 11. त्यात एक ओळ छापील असतेच: एक महिन्याच्या सूचनेनं कोणीही करार संपवू शकेल. सही करताना ती कोण वाचतो? मीही कधी वाचली नाही.

10:50
गल्लीत दुसरा छोटा हाथी शिरला. त्यात पाच दुमजली लोखंडी पलंग.

दोन्ही ड्रायव्हर ओळखीचे. "तू रिकामं कर, मग मी भरतो," तो हसून म्हणाला. आमचा ड्रायव्हर हसला नाही, पण गाडी चार फूट पुढे घेऊन त्याला वाट दिली.

ताईंनी गॅलरीतून पलंग मोजले. काही बोलल्या नाहीत. पाच दुमजली म्हणजे दहा मुलं, मुलामागे महिन्याला निदान तीन हजार. घरमालक वाईट माणूस नाही. सकाळी हमालांना थंड पाणी त्यांनीच दिलं. निवृत्त आहेत, गुणाकार येतो.

11:30
हिशेब. डिपॉझिट 18,000. रंगरंगोटीचे 4,500 कापले, विजेचे 1,140. हातात 12,360. ताई म्हणाल्या, रंग तर अकरा महिन्यांनी लागणार होता ना, आम्ही पाचच राहिलो. मालक म्हणाले, जिन्यातली भिंत बघा. ताईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरनं चपलेकडे.

नव्या घराचं डिपॉझिट 15,000, दलाली 7,500. दलालाला जूनमध्येही एक महिन्याचं भाडं दिलं होतं.

सही झाल्यावर मालकांनी ड्रायव्हरला बाजूला घेतलं. संध्याकाळी दहा गाद्या आणायच्या आहेत, किती घेशील? तो म्हणाला, बाराशे. नऊशेवर आला.

दुपारी 12:15
राऊच्या दिशेनं. मी पुढे, मांडीवर देवघर. ताई आणि मुलगा स्कूटरवर मागे. हमाल हौद्यात, फ्रिजला पाठ देऊन.

ड्रायव्हरला लॉकडाउन आठवतो. 29 मार्च 2020 ला केंद्राच्या गृहखात्यानं आदेश काढला होता: मजुरांना आणि विद्यार्थ्यांना घर सोडायला भाग पाडणाऱ्या मालकावर कारवाई होईल. मुलं तोवर बरीचशी गावी गेलेली. पुढे वाहतूक सुटल्यावर यानं त्यांच्या खोल्या रिकाम्या केल्या. व्हिडिओ कॉलवर मुलगा सांगायचा, ती उशी घ्या, तो कुकर राहू द्या. "बघायला माणूस नाही, तरी भाव करायचे," म्हणतो.

12:50
सिलिकॉन सिटी. पहिला मजला, रुंद जिना. दीड तासात सगळं वर. कपाट सात मिनिटांत गेलं. इथं भाडं 7,500, पण मुलाचा क्लास आता लांब, आणि डब्यांना पोचवणारा पोरगा लागेल. डब्यामागे दहा रुपये मागतोय. ताईंनी बाविसातले किती टिकतील याचा अंदाज केला: नऊ. गॅस आधी जोडून घेतला. उद्या सकाळचे नऊ डबे जाणार आहेत.

2,400 मोजून दिले. वर पन्नास हमालांना.

4:30
गाद्या. धाकटा हमाल गेला, मोठा थांबला, 200 वर. गादी हलकी, पण धरायला काही नाही, हातातून निसटते. ड्रायव्हरनं दोन-दोन गुंडाळून ट्यूबच्या पट्ट्यानं आवळल्या. त्याच जिन्यानं पाच फेऱ्या. हॉलमध्ये पलंग लागलेत. स्वयंपाकघराचा ओटा तसाच आहे, तिथं पाण्याचा फिल्टर बसवतायत.

"मेस लावणार का?" त्यानं मालकांना विचारलं.

"शोधतोय एखादी बाई."

त्यानं ताईंचा नंबर सांगितला. मालकांनी लिहून घेतला नाही, म्हणाले आहे माझ्याकडे.

7:45
3,300 आले. हमाली 1,200, डिझेल 550, नाश्ता-चहा 140. उरले 1,410. त्यातले सव्वातीनशे हप्त्यासाठी वेगळ्या खिशात.

फोन वाजला. विजयनगरहून, उद्या सकाळी. अचानक खाली करायला सांगितलंय.

"मजला?"

"चौथा. लिफ्ट आहे, पण मालक सामानाला वापरू देत नाहीत."

"मग सहाशे जास्त लागतील, मॅडम. पलंग खोलायचा आहे का?"