दर वेळी नवी गोष्ट

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. आजीची गोष्ट दुसऱ्यांदा ऐकताना पुढं काय होणार ते तुम्हांला माहीत असतं. पुस्तकाचंही तसंच. मग अशी कोणती गोष्ट, जी ऐकणाऱ्याला ठाऊक नसते, सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि पुन्हा सुरू केली की वेगळीच निघते?

हरलात? काही हरकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मीही हरले होते. कोडं घातलं होतं माझ्या भाच्यानं. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. परतूरला आला तो पाठीवर लॅपटॉप घेऊनच. "आत्या, तुला गोष्टी सांगायला आवडतात ना? मग हा खेळ बघच," असं म्हणून त्यानं ओसरीवर तो उघडला. दहा मिनिटांत गल्लीतली सात-आठ पोरं गोळा झाली. त्यांतली चार तर माझ्याच शाळेतली!

खेळाचं नाव 'वाइल्डरमिथ'. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरातल्या 'वर्ल्डवॉकर गेम्स' नावाच्या एका लहानशा कंपनीनं तो केला. २०२१च्या जूनमध्ये तो पूर्ण होऊन बाहेर आला. यातली माणसं कागदातून कापून उभी केल्यासारखी दिसतात आणि गोष्ट चित्रकथेसारखी एकेका चौकटीतून पुढं सरकते.

सुरुवातीला तीन साधी तरुण माणसं असतात. शेतीभाती करणारी. गावावर संकट येतं आणि त्यांना घर सोडावं लागतं. एक होतो योद्धा, एक शिकारी आणि एक मांत्रिक. मांत्रिकाची गंमत अशी, की त्याच्याजवळ तलवार-बिलवार नसते. शेजारी पेटलेली शेकोटी, झाड, मोडकं टेबल, जे असेल त्याच्याशी तो नातं जोडतो आणि त्यालाच लढायला लावतो!

या माणसांना नावं आपण द्यायची. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कुणी तापट, कुणी पुस्तकवेडा, कुणी भित्रा, कुणी थट्टेखोर. त्यांची आपसांत मैत्री होते, प्रेम जमतं, चढाओढही लागते. आणि बरं का, ती म्हातारीही होतात. एक प्रकरण संपून दुसरं सुरू होईपर्यंत मध्ये काही वर्षं जातात. केस पिकतात, मुलंबाळं मोठी होतात.

ही गोष्ट लिहितो कोण?

मला वाटलं, संगणकच सगळं लिहीत असणार. भाचा म्हणाला, "नाही आत्या. या खेळातली वाक्यं माणसांनीच लिहिलेली आहेत."

तुम्ही परीक्षेत 'रिकाम्या जागा भरा' सोडवता ना? तसंच काहीसं आहे हे. लेखकांनी शेकडो लहान-लहान प्रसंग लिहून ठेवलेत. पण त्यांत माणसांच्या जागा रिकाम्या. एका प्रसंगाला हवा एखादा तापट माणूस आणि त्याचा जिवलग मित्र. संगणक पाहतो, की आपल्या टोळीत असं कोण आहे? ते कुठं पोचलेत? त्यांच्यावर आधी काय गुजरलं आहे? मग त्या जागी त्यांना बसवतो. कोणता प्रसंग कधी येईल, ते फाशासारखं नशिबावर. आणि संकटात काय करायचं ते बऱ्याचदा आपल्यावर.

ही कल्पना एका दिवसात उगवलेली नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. त्यात संगणक नव्हता. एक जण गोष्ट सांगायचा, बाकीचे तिच्यातली पात्रं व्हायचे आणि फासे टाकून पुढचं ठरायचं. १९८०च्या सुमारास आलेल्या 'रोग' नावाच्या संगणकावरच्या खेळात भुयाराचा नकाशा दर वेळी नवा तयार होई.

आणि आपल्याकडे? आपला मोक्षपट आठवा! संत ज्ञानेश्वरांनी तो रचला, असं परंपरा मानते. आजच्या सापशिडीचा तो पूर्वज. घराघरांवर गुण आणि दुर्गुण यांची नावं. कवड्या पडतील तशी सोंगटी शिडीनं वर चढायची किंवा सापाच्या तोंडी जायची. म्हणजे प्रत्येक डावात एका आयुष्याची वेगळी गोष्ट! मात्र तिथं निवड नाही, सगळं दानावर. कोकणातल्या दशावतारात पाहा, कथा पुराणातली, ठरलेली. पण नटमंडळी संवाद आयत्या वेळी रचून बोलतात. तिथं निवड आहे आणि समोर बसलेल्या माणसांचा अंदाजही आहे.

सगळेच संगणकखेळ असे नसतात हं. पुण्यातल्या 'नोडिंग हेड्स गेम्स'नं केलेला 'राजी' हा खेळ २०२० साली आला. त्यात राजी नावाची मुलगी आपल्या भावाचा, गोलूचा, शोध घेते. ती गोष्ट एकदा लिहिलेली. खेळणारा कुणीही असो, राजी गोलूलाच शोधणार.

खेळणाऱ्यांचं काय म्हणणं?

चार संध्याकाळी आम्ही 'वाइल्डरमिथ' खेळलो. खेळ इंग्रजीत. म्हणून भाचा वाचायचा, मी मराठीत सांगायची आणि पोरं ठरवायची. शेवटच्या दिवशी मी वही घेऊन बसले आणि प्रत्येकाला मत विचारलं.

आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी शिकारी भित्री होती. मला आधी रागच आला. पण भित्री असून ती पुढं गेली, तेव्हा जास्त मजा आली. शूर माणसानं शूरपणा केला तर त्यात काय विशेष?" हे उत्तर मी वहीत खाली रेघ मारून ठेवलं आहे.

सातवीतला एक जण मात्र नाराज. "बाई, दुसऱ्या डावात पहिल्यातलाच प्रसंग आला. फक्त नावं बदलली. आणि सगळे एकसारखेच बोलतात." त्याचं खोटं नाही. भाचा म्हणाला, की त्याच्या कॉलेजातल्या मित्रांचीही हीच तक्रार आहे. पुष्कळ डाव झाले की साचा ओळखू येतो. प्रसंग शेकडो असले तरी शेवटी ते मोजलेलेच.

एका मुलाची आई दारातूनच म्हणाली, "बाई, तुम्हीच असं केल्यावर आम्ही अभ्यासाला कसं बसवायचं?" तिचंही खरंच होतं. पहिल्या दिवशी अर्धा तास म्हणून बसलो आणि दिवेलागण कधी झाली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नियम केला. एका संध्याकाळी एकच भाग, मग लॅपटॉप बंद.

आता राहिला पाचवीतला एक मुलगा. त्याचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला की परततात. तोवर तो आजीजवळ राहतो. वर्गात फारसा बोलत नाही. त्यानं आपल्या योद्ध्याला नाव दिलं 'अण्णा'. घरी तो वडिलांना अण्णा म्हणतो.

तिसऱ्या दिवशी एका लढाईत अण्णा कोसळला. पडद्यावर निवड आली. शेवटचा जबरदस्त वार करून वीरमरण पत्करायचं, की कायमची जखम घेऊन जगायचं? सगळी पोरं ओरडली, "मरू द्या, मोठा वार बसंल! लढाई जिंकू!" खरं सांगू? त्यात माझाही आवाज होता. गोष्ट म्हणून मलाही तोच शेवट झकास वाटला.

तो एकटाच म्हणाला, "नको. हात गेला तं जाऊ द्या. जित्ता घरी आला पाह्यजे."

सगळे गप्प झाले. पात्र त्याचं होतं, म्हणून निवडही त्याची. लढाई आम्ही कशीबशी निभावली. अण्णाचा एक हात गेला. पुढच्या प्रकरणात मध्ये वर्षं सरली होती. अण्णाचे केस पांढरे झाले होते आणि काही वेळानं तो लढाया सोडून कायमचा घरी परतला.

मुलानं भाच्याला विचारलं, "दादा, आता त्याला परत जावं लागत नाही ना?"

"नाही. आता तो घरीच."

"मंग बरंय," तो म्हणाला आणि उठून आजीकडे गेला.

वही मिटली तरी हे माझ्या मनातून जाईना. संगणकाला अण्णा कोण ते माहीत नव्हतं. त्यानं फक्त एक रिकामी जागा भरली होती. तो प्रसंग आणखी कितीतरी जणांच्या पडद्यावर आला असेल. पण परतूरच्या ओसरीवर ती गोष्ट त्या मुलाची झाली, कारण निवड त्यानं केली. आणि मी तर शेजारीच बसले होते, त्याला वर्गात रोज पाहत होते, तरी मी "मरू द्या" म्हणाले! सांगणाऱ्याला कान असून भागत नाही, ते उघडेही असावे लागतात.

आता तुमची पाळी

लॅपटॉप नाही म्हणून खट्टू होऊ नका. शाळा उघडल्यावर आम्ही हाच खेळ कागदावर केला. तीन डबे घ्या. पहिल्यात सहा स्वभावांच्या चिठ्ठ्या : भित्रा, तापट, थट्टेखोर, लोभी, पुस्तकवेडा, एकलकोंडा. दुसऱ्यात सहा जागा. आम्ही दुधनेचा काठ, रेल्वे स्टेशन, आठवडी बाजार, कापसाचं शेत, पडका वाडा आणि उसाचा फड अशा घेतल्या. तिसऱ्यात सहा संकटं, ती तुम्ही ठरवा. प्रत्येक डब्यातून एक चिठ्ठी काढा. सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे २१६ गोष्टींचे सांगाडे झाले! मधेच अडलं की फासा टाका. सम आला तर नायकाचं काम होतं, विषम आला तर फसतं. पण फसल्यावर काय करायचं ते मात्र तुम्ही ठरवायचं.

त्या पाचवीतल्या मुलाला चिठ्ठी आली 'उसाचा फड'. त्या दिवशी तो वीस मिनिटं बोलला. थंडीतली पहाट, कोयत्याची धार, मोळी डोक्यावर कशी घेतात, गाडीत ती कशी रचतात, सगळं त्यानं सांगितलं. घंटा झाली तरी कुणी उठेना.

आणि पालकहो, तुम्हांलाही एक विनंती. मूल पडद्यासमोर बसलं तर वेळेचा नियम जरूर घाला. पण एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "तुझ्या माणसाचं नाव काय? तू त्याला असं का करायला लावलंस?" उत्तर मात्र नीट ऐका बरं का!