मत मिळाले, मजुरीचे काय?

जुलै १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या लहानशा गावी, एका प्रार्थनामंदिरात, स्त्रियांच्या हक्कांचा विचार करण्यासाठी दोन दिवसांची सभा भरली. सुमारे तीनशे माणसे जमली होती. त्यांत शार्लट वुडवर्ड नावाची, हातमोजे शिवण्याचे काम करणारी एक तरुण मुलगी होती. त्या काळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे अज्ञान मुलीच्या कमाईवर बापाचा आणि विवाहितेच्या कमाईवर नवऱ्याचा हक्क असे. टाके घालणारे बोट तेवढे तिचे. सभेने एक जाहीरनामा संमत केला. अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचाच साचा घेऊन त्यात राजा जॉर्जच्या जागी पुरुषजातीला उभे केलेले होते, आणि आरोपांच्या यादीत स्त्रीची मालमत्ता व तिची मजुरीसुद्धा हिरावून घेतल्याचा आरोप होता. ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष यांनी त्यावर सह्या केल्या. शार्लटने सही केली.

अमेरिकेतील स्त्री-मताधिकाराचा इतिहास सांगताना ही सभा आरंभबिंदू म्हणून सांगण्याचा प्रघात आहे, आणि तो रास्तही आहे. मात्र त्या सभेत एकमताने संमत न झालेला ठराव एकच होता, आणि तो नेमका मताधिकाराचा. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी तो मांडला, तेव्हा ज्येष्ठ सहकारी लुक्रेशिया मॉट यांनाही वाटले की यामुळे सारी चळवळ हास्यास्पद ठरेल. गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस पाठीशी उभे राहिले म्हणून तो कसाबसा तरला. मालमत्ता, वेतन, शिक्षण यांच्या मागण्या लोकांना पटत होत्या. मत म्हणजे मात्र अतिरेक वाटत होता.

मालमत्तेची मागणी पटण्याचे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज उमगते. सभेच्या तीनच महिने आधी न्यूयॉर्क राज्याने विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क देणारा कायदा केला होता. त्यामागे स्त्री-कार्यकर्त्यांचे श्रम होते; तसेच मुलीला दिलेली जमीन जावयाच्या कर्जात बुडू नये अशी धास्ती घेतलेले सधन बापही होते. त्या कायद्याने जमीनदाराच्या मुलीचे भले झाले, हातमोजे शिवणारीचे नाही. मजुरी विवाहितेची स्वतःची ठरायला त्या राज्यात १८६० साल उजाडावे लागले. सुधारणा वरून खाली झिरपते, आणि झिरपताना तिला बराच वेळ लागतो, हे या चळवळीत पुढेही पुनःपुन्हा दिसते.

यादवी युद्धानंतर चळवळीची खरी कसोटी लागली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने मतदारांच्या संदर्भात ‘पुरुष’ हा शब्द प्रथमच अमेरिकी घटनेत आणला, आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश वा वर्ण यांवरून मत नाकारण्यास बंदी केली. लिंगाचा उल्लेख त्यात नव्हता. आधी कृष्णवर्णीयांचा प्रश्न, मग तुमचा, असे जुने मित्र सांगू लागले. १८६९ मध्ये चळवळ दुभंगली. लूसी स्टोन यांनी पंधराव्या दुरुस्तीला पाठिंबा दिला. स्टँटन आणि सुसान अँथनी यांनी विरोध केला. त्या विरोधात स्टँटनबाईंची लेखणी कृष्णवर्णीय आणि नवागत स्थलांतरित पुरुषांविषयी इतकी घसरली की त्यांच्या चाहत्यांनाही आज ते लेखन वाचताना मान खाली घालावी लागते. उपेक्षेची चीड समजण्यासारखी होती, तिला फुटलेली वाचा क्षम्य नव्हती. हा डाग पुढे पुसला गेला नाही. १९१३ मध्ये वॉशिंग्टनला निघालेल्या मोठ्या मोर्चात, दक्षिणेकडील भगिनींची मने दुखावू नयेत म्हणून, आयडा वेल्स यांना मागे चालण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही; त्या आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत जाऊन सामील झाल्या.

मधली चाळीस वर्षे चिकाटीची आणि अपयशाची होती. सुसान अँथनी यांनी १८७२ मध्ये रॉचेस्टरला मत दिले, त्यांच्यावर खटला झाला, १०० डॉलर दंड झाला; तो त्यांनी कधीच भरला नाही. १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की स्त्री नागरिक आहे खरी, पण नागरिकत्वातून मताधिकार निष्पन्न होत नाही. १८७८ मध्ये घटनादुरुस्तीचा मसुदा प्रथम सिनेटपुढे आला. पश्चिमेकडे वायोमिंगने १८६९ मध्येच स्त्रियांना मत दिले होते. स्त्रिया दुर्मिळ असलेल्या त्या प्रदेशात वस्तीला उत्तेजन मिळावे हाही हिशेब त्यात होता. पूर्वेत आणि दक्षिणेत विरोध करणारे हिशेबही होतेच. स्त्रिया मतदार झाल्या तर दारूबंदी येईल ही मद्य-उत्पादकांना धास्ती, आणि बालमजुरीवर बंधने येतील ही दक्षिणेतील कापडगिरण्यांच्या मालकांना. स्त्रीचे स्थान चुलीपाशी, हे तत्त्वज्ञान व्यासपीठावरून सांगितले जाई. त्याचा खर्च कोण सोसतो हे व्यासपीठामागे पाहावे लागे.

मराठी वाचकाला हा सारा प्रकार अगदीच परका नव्हता. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशात हिंडल्या. मद्यपानविरोधी स्त्री-संघटनेच्या नेत्या फ्रान्सेस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवरील त्यांच्या १८८९ च्या मराठी ग्रंथात तेथील स्त्रियांच्या स्थितीवर विस्तृत प्रकरण आहे. अमेरिकी स्त्रीला तेव्हा बहुतेक राज्यांत मत नव्हते, याची जाणीव ठेवून ते वाचले पाहिजे.

अखेरचा टप्पा वेगाने आला. जानेवारी १९१७ पासून अ‍ॅलिस पॉल यांच्या अनुयायी हाती फलक घेऊन अध्यक्षांच्या निवासस्थानासमोर मूकपणे उभ्या राहू लागल्या. त्यांना पकडून तुरुंगात टाकण्यात आले. उपोषण करणाऱ्यांच्या घशात नळी घालून बळाने अन्न घालण्यात आले. लोकशाही जगात सुरक्षित राहावी म्हणून अमेरिका महायुद्धात उतरलेली असताना हे घडत होते, आणि ती विसंगती अध्यक्ष विल्सन यांना फार काळ झाकता आली नाही. जून १९१९ मध्ये सिनेटने दुरुस्ती संमत केली. ४८ पैकी ३६ राज्यांची मान्यता आवश्यक होती. ऑगस्ट १९२० मध्ये टेनेसीच्या विधानसभेत प्रश्न बाजूला ठेवण्याच्या सूचनेवर ४८ विरुद्ध ४८ अशी बरोबरी झाली. मग कोटावर विरोधाचे तांबडे गुलाबफूल लावलेल्या हॅरी बर्न या चोवीस वर्षांच्या सदस्याने अनपेक्षितपणे होकार दिला. त्याच्या खिशात आईचे पत्र होते. बहात्तर वर्षांचा लढा एका मातेच्या पत्राने जिंकला, ही कथा गोड आहे. ते पत्र उपयोगी पडावे एवढी जमीन तीन पिढ्यांनी नांगरून ठेवली होती, हे तिच्यात विसरले जाते. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी शार्लट वुडवर्ड तेव्हा हयात होत्या. वय नव्वदीत होते, आणि आजारपणामुळे त्या नोव्हेंबरात मतदानाला जाऊ शकल्या नाहीत.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. नव्या मतदारांच्या धाकाने काँग्रेसने १९२१ मध्ये माता व अर्भके यांच्या आरोग्यासाठी अनुदान देणारा कायदा केला. स्त्रिया एकगठ्ठा मत देत नाहीत हे राजकारण्यांच्या ध्यानी आले आणि १९२९ मध्ये ते अनुदान बंद पडले. त्याहून चमत्कारिक गोष्ट १९२३ ची. राजधानीच्या जिल्ह्यात स्त्रियांना किमान वेतन देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि एक कारण असे दिले की एकोणिसाव्या दुरुस्तीनंतर स्त्री-पुरुषांच्या स्थितीतील अंतर जवळजवळ मिटले आहे. तेव्हा पुरुषाप्रमाणे स्त्रीनेही आपल्या श्रमाचा करार स्वतंत्रपणे करावा. मताधिकाराचे हे व्याज कामगार स्त्रीने भरले! १९३७ मध्ये न्यायालयाने ती भूमिका सोडली, पण मधल्या चौदा वर्षांतील बुडालेली मजुरी कोणी परत केली नाही.

त्याच १९२३ साली अ‍ॅलिस पॉल यांनी समान हक्कांची घटनादुरुस्ती पुढे आणली, आणि तिला पहिला कडवा विरोध झाला तो फ्लोरेन्स केली यांच्यासारख्या कामगार स्त्रियांच्या कैवाऱ्यांकडून. कामाच्या तासांवर मर्यादा घालणारे, स्त्रियांपुरते असलेले कायदे या समतेच्या तडाख्यात कोसळतील, अशी त्यांची भीती होती. नुकताच लागलेला निकाल पाहता ती भीती निराधार म्हणता येत नाही. शिकलेल्या स्त्रीला संरक्षणाची अडचण वाटत होती, गिरणीतल्या स्त्रीला त्याचा आधार. या भांडणात मी मनाने केलीबाईंच्या बाजूचा आहे, जरी अंतिम तत्त्व पॉल यांचेच खरे मानावे लागले तरी.

कृष्णवर्णीय स्त्रीला दक्षिणेत मतपेटीपर्यंत पोचायला १९६५ चा मतदान हक्क कायदा लागला. समान वेतनाचा कायदा १९६३ चा. त्या वर्षी पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रीचे मध्यम वार्षिक उत्पन्न पुरुषाच्या डॉलरमागे ५९ सेंट होते. अलीकडच्या वर्षांत ते ८१ ते ८४ सेंटच्या आसपास आहे. विवाहितेकडे कर्जासाठी नवऱ्याची सही मागण्याचा बँकांचा परिपाठ बंद करण्यासाठी १९७४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. उरलेली तफावत कोठून येते, याचे उत्तर शोधण्यात आयुष्य वेचलेल्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज समान शिक्षण घेतलेल्या दोघांत अंतर पडते ते मुख्यतः मूल झाल्यावर, असे त्या दाखवितात. जी नोकरी अवेळी हाक मारते तीच अधिक पैसे देते, आणि त्या हाकेला ओ देणे घरातील एकालाच शक्य असते.

समान हक्कांची दुरुस्ती काँग्रेसने १९७२ मध्ये संमत केली. १९७७ पर्यंत ३५ राज्ये मिळाली, ३८ हवी होती; वाढवून दिलेली मुदतही ३० जून १९८२ रोजी संपली. २०२० मध्ये व्हर्जिनियाने अडतिसावी मान्यता दिली, तेव्हा मुदत टळून सदतीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ती मान्यता धरायची की नाही, यावरचा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि अमेरिकी घटनेच्या छापील प्रतीत ती दुरुस्ती नाही.