तिसऱ्या पक्षाचा उमेदवार आणि शेतकरी मतदार

विधानसभेची निवडणूक जवळ आली म्हणजे खेडोपाडी एक वाक्य हटकून ऐकू येते, ते असे की, "माणूस चांगला आहे, परंतु त्याला मत देणे म्हणजे मत पाण्यात टाकणे." हे वाक्य ज्याच्याविषयी बोलले जाते तो उमेदवार बहुधा दोन बलाढ्य पक्षांचा किंवा आघाड्यांचा नसून तिसऱ्याच एखाद्या लहान पक्षाचा असतो. शेतीच्या प्रश्नांवर अशा उमेदवाराचे बोलणे पुष्कळदा अधिक स्पष्ट असते, व तरीही शेतकरीच त्यास मत देण्यास कचरतो. हे कचरणे कितपत रास्त आहे, याचा विचार हिशेबाच्या दृष्टीने करून पाहणे इष्ट वाटते.

प्रथम नियम काय आहे तो पाहू. आपल्या महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागा आहेत, व प्रत्येक जागेवर ज्यास सर्वांहून अधिक मते पडतात तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत, असा नियम नाही. समजा, एखाद्या मतदारसंघात एक लाख मते पडली व तिघा उमेदवारांस अनुक्रमे ४० हजार, ३५ हजार व २५ हजार मते मिळाली, तर ४० हजारांचा धनी निवडून येतो आणि उरलेली ६० हजार मते विरुद्ध असूनही जागेच्या दृष्टीने त्यांचा उपयोग होत नाही. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ज्या लहान पक्षाची मते साऱ्या प्रांतभर थोडी थोडी विखुरलेली असतात, त्याच्या पदरी काहीच पडत नाही. उलट ज्याची मते एकाच तालुक्यात दाट असतात, तो एक जागा निश्चितपणे राखू शकतो. जमिनीचेही असेच आहे. दहा गावांत दोन दोन गुंठे असण्यापेक्षा एकाच ठिकाणी अर्धा एकर असला तर त्यात विहीर तरी पाडता येते.

लहान पक्षाच्या उमेदवारापुढील इतर अडचणीही ध्यानात घेतल्या पाहिजेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास अर्जावर एक सूचक पुरतो, तर इतरांस मतदारसंघातील दहा सूचक द्यावे लागतात. मान्यता नसलेल्या पक्षास कायमचे राखीव चिन्ह नसते, आणि मतपत्रिकेवर त्याचे नाव मान्यताप्राप्त पक्षांच्या नावांनंतर येते. सर्वसाधारण उमेदवारास दहा हजार रुपये अनामत भरावी लागते. तो पराभूत झाला व एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते त्यास मिळाली नाहीत, तर ती जप्त होते. खर्चाची कायदेशीर मर्यादा आपल्या राज्यात २०२२ पासून चाळीस लाख रुपये आहे. लहान पक्षाच्या माणसास त्या मर्यादेपर्यंत पोहोचणे हेच अवघड असते.

इतक्या अडचणी असूनही अशी जागा वर्षानुवर्षे राखता येते, याचे ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील सांगोले तालुक्याचे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे इत्यादी मंडळींनी शेतकरी कामगार पक्ष स्थापिला. त्या पक्षाचे गणपतराव देशमुख हे १९६२ साली सांगोल्यातून प्रथम निवडून आले. पुढे १९७२ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते पुनश्च निवडून आले. १९९५ मध्ये पुन्हा पराभव झाला, व १९९९ मध्ये पुन्हा विजय मिळाला. २०१४ पर्यंत ते एकूण अकरा वेळा विधानसभेवर गेले. राज्यात सत्ता कोणाचीही असो, सांगोल्याची जागा बहुधा त्यांचीच राहिली. १९७८ व १९९९ या सालच्या मंत्रिमंडळांत त्यांस स्थानही मिळाले. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

हे कशाच्या बळावर घडले, हा प्रश्न आहे. सांगोला हा माण नदीच्या खोऱ्यातील अवर्षणप्रवण मुलूख आहे. पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा, त्यामुळे तेथे पाणी हाच राजकारणाचा मुख्य विषय. १९९३ पासून आटपाडी येथे तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. तिच्या उभारणीत नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत गणपतराव होते. टेंभू व म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी या भागास मिळावे, यासाठी निवडणूक नसलेल्या वर्षांतही माणसे एकत्र जमत राहिली. तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूत गिरणी उभी राहिली. कमी पाण्यावर येणाऱ्या डाळिंबाच्या बागांनी पुढे या तालुक्याचे नाव दूरवर नेले. ते श्रेय अर्थात बागाईतदारांचे आहे, कोणा एका पुढाऱ्याचे नव्हे. परंतु ज्या तालुक्यात गिरणीचे सभासद, पाणी परिषदेस जाणारे शेतकरी व पक्षाचे कार्यकर्ते ही बव्हंशी तीच माणसे असतात, तेथे मतदानाच्या दिवशी निराळा मेळ घालावा लागत नाही. तो मेळ आधीच्या पाच वर्षांत बसलेला असतो.

अलीकडच्या दोन निवडणुकांचे आकडे या दृष्टीने बोधप्रद आहेत. २०१९ मध्ये वयोमानामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले व शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांच्याकडून अवघ्या ७६८ मतांनी पराभूत झाले. २०२४ मध्ये महायुती व महाविकास आघाडी अशा दोन मोठ्या फळ्या राज्यभर समोरासमोर होत्या. सांगोल्यात त्या दोन्ही फळ्यांतील शिवसेनेच्या दोन गटांचे उमेदवार उभे होते, आणि शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख, हेही गणपतरावांचे नातू, तिसरे होते. बाबासाहेबांस सुमारे १ लाख १६ हजार, शहाजीबापू पाटील यांस सुमारे ९१ हजार व दीपकआबा साळुंखे यांस सुमारे ५१ हजार मते पडली. दोघा प्रतिस्पर्ध्यांची बेरीज विजेत्याच्या मतांहून अधिक भरते. म्हणजे जो नियम तिसऱ्या पक्षास एरवी मारक ठरतो, तोच येथे त्यास तारक ठरला. मात्र केवळ प्रतिस्पर्ध्यांची फाटाफूट झाली म्हणून ही जागा आली, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. पाच वर्षांपूर्वीच्या सरळ लढतीतही या पक्षाची मते जिंकणाऱ्याच्या जवळजवळ बरोबरीस होती.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९७८ मध्ये या पक्षाचे तेरा आमदार होते. २०१४ मध्ये तीन उरले, व २०२४ मध्ये एकट्या सांगोल्याचा एक. शिवाय त्या एका जागेवरही उमेदवारी एकाच घराण्यात राहिली आहे. सांगोल्याचा मतदार पक्षाच्या विचारास मत देतो की एका माणसाच्या पुण्याईस, हा प्रश्न विरोधक विचारतात, व तो अप्रस्तुत नाही. एका तालुक्यात मूळ धरलेले झाड शेजारच्या तालुक्यात आपोआप रुजत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

हा अनुभव आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात १८८७ नंतर अवर्षण पडले, धान्याचे भाव उतरले, जमिनी गहाण पडल्या आणि रेल्वेचे भाडे शेतकऱ्यांस डोईजड झाले. तेव्हा शेतकऱ्यांनी दोन्ही जुने पक्ष सोडून १८९० साली जनपक्ष या अर्थाचा तिसरा पक्ष काढला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत तेथील कनिष्ठ सभागृहाच्या १२५ जागांपैकी ९० हून अधिक जागा त्यांनी जिंकल्या. अठरा वर्षे राष्ट्रीय सिनेटात बसलेल्या इंगल्स यांस त्यांनी घरी बसविले, व 'कॅन्सस फार्मर' या शेतकीविषयक पत्राचे संपादक पेफर यांस तेथे पाठविले. परंतु संस्थानाच्या वरिष्ठ सभागृहात बहुमत जुन्या पक्षाचेच राहिले. त्यामुळे त्यांच्या कायद्यांची वाट अडली. पुढे १८९६ साली राष्ट्रीय निवडणुकीत या पक्षाने डेमोक्रॅटिक पक्षाचाच उमेदवार आपला म्हणून स्वीकारला, व त्यानंतर त्याचे स्वतंत्र अस्तित्व झपाट्याने ओसरले. संकटाच्या लाटेवर नव्वद जागा येतात आणि लाट ओसरताच जातात. सांगोल्याची एक जागा मात्र साठ वर्षांत तीनदाच निसटली व तिन्ही वेळा परत आली.

कोणी म्हणेल, एकट्या आमदाराने सभागृहात जाऊन काय साधावे? सरकार बनविणे वा पाडणे त्याच्या हाती बहुधा नसते, हे खरे. परंतु तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अंदाजपत्रकावरील कपात सूचना व अशासकीय विधेयक ही साधने नियमानुसार त्यासही उपलब्ध आहेत. कालव्याची अमुक वितरिका किती वर्षे अपुरी आहे, पीकविम्याचे किती दावे नामंजूर झाले, याचे उत्तर मंत्र्यास सभागृहात द्यावे लागते व ते कामकाजाच्या नोंदीत राहते. कागदावर आलेली गोष्ट नाकारणे कठीण असते, हे ज्यांना कचेरीचा अनुभव आहे त्यांस सांगणे नको. शिवाय मोठ्या पक्षाच्या आमदारास पक्षादेश मोडून बोलणे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर अधिकच जड झाले आहे. ज्याचा पक्षच शेतकऱ्यांचा, त्यास निदान शेतीच्या प्रश्नावर ही अडचण येऊ नये.

यास्तव तिसऱ्या पक्षाचा उमेदवार दारी आला असता त्यास केवळ तिसरा म्हणून झिडकारू नये, आणि केवळ तो शेतकऱ्यांचे नाव घेतो म्हणून डोळे मिटून मतही देऊ नये. त्यास पुढील गोष्टी विचाराव्यात. गेल्या निवडणुकीपासून आजपर्यंत तो या तालुक्यात कोणत्या कामास लागला होता? किती गावांत त्याची माणसे वर्षभर वावरतात, व मतदान केंद्रावर बसावयास त्याच्याकडे प्रतिनिधी आहेत काय? मागील खेपेस त्याच्या पक्षास येथे किती मते पडली? हे आकडे निवडणूक आयोग प्रसिद्ध करतो व कोणासही पाहता येतात. निवडून आल्यावर तो कोणाच्या पंक्तीस बसणार, हे तो आजच जाहीर करील काय? आणि पराभूत झाल्यास तो पुढील पाच वर्षे येथेच राहणार, की तालुका सोडून जाणार?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा समजावा. १९७२ च्या पराभवानंतर गणपतरावांनी सांगोला सोडला असता, तर १९७४ ची पोटनिवडणूक त्यांस लढविताच आली नसती. ज्या उमेदवाराची उत्तरे समाधानकारक असतील, त्यास दिलेले मत या खेपेस जागा मिळवून देवो वा न देवो, पुढील खेपेच्या मोजणीत ते जमेस धरले जाते. ज्याच्याकडे उत्तरेच नसतील, त्याच्याबाबतीत मात्र "मत पाण्यात गेले" हे लोकांचे म्हणणे खरे ठरण्याचा संभव आहे. मतदार यादीत आपले व घरच्या मंडळींचे नाव आहे की नाही, हे निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता तपासून घ्यावे, म्हणजे हा विचार करण्यास आपण मोकळे राहू.