तिखटाचे मोजमाप

उन्हाळ्यात पनवेल परिसरातल्या आगरी-कोळी घरांत वर्षाचा मसाला होतो. बेडगी मिरची रंगासाठी, संकेश्वरी आणि लवंगी तिखटासाठी. लालभडक बेडगी मवाळ असते, कारण रंग आणि तिखटपणा ही वेगवेगळ्या द्रव्यांची करामत आहे.

तिखटपणा कॅप्सेसिनमुळे येतो. ते मुख्यतः बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरात असते. बियांना उगाच दोष दिला जातो. विल्बर स्कोव्हिल यांनी 1912 मध्ये तिखटपणाची मोजणी सुचवली: मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे झाले की थांबायचे. जितके पट पाणी, तितके स्कोव्हिल एकक. पण जीभ लवकर बधिर होते, म्हणून आता प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफीने कॅप्सेसिन थेट मोजतात. हीच पद्धत जास्त भरवशाची.

ईशान्य भारतातल्या भूत जोलोकिया मिरचीने 2007 मध्ये दहा लाख स्कोव्हिल एककांचा टप्पा ओलांडून तिखटपणाचा गिनीज विक्रम केला. 2023 मध्ये अमेरिकेतली पेपर एक्स सरासरी 26,93,000 वर पोहोचली.

कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून तोंड भाजले तर पाण्याऐवजी दूध प्या आणि मिरच्यांची देठे खुडल्यावर हातांना आधी तेल चोळून मग साबण लावा.